शिमला: यादीवरचे आणि उतारावरचे

शिमला एका डोंगरधारेवर वसले आहे. पूर्वेला जाखू, मध्यावर बँटनी, पश्चिमेकडे ऑब्झर्व्हेटरी हिल, समर हिल आणि प्रॉस्पेक्ट हिल, अशा सात टेकड्या जोडून हे शहर झाले असे सांगण्याची रीत आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे २,२०० मीटर. धारेच्या एका अंगाला पडलेला पाऊस सतलजला मिळून अरबी समुद्राकडे जातो, दुसऱ्या अंगाचा गिरी आणि यमुनेतून बंगालच्या उपसागराकडे. धार अरुंद, त्यामुळे शहर आधी लांबीत पसरले आणि जागा सरली तसे दोन्ही उतारांवर खाली उतरत गेले. माथ्यावर मोकळे मैदान म्हणावे असे एकच, रिज, आणि त्याच्याही पोटात पाण्याची टाकी आहे.

इंग्रजांचे पहिले लाकडी घर इथे १८१९ मध्ये उभे राहिले, पहिले पक्के घर १८२२ मध्ये. १८६४ पासून शिमला हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी झाले. मुंबई इलाख्याचे महाबळेश्वर, मध्य प्रांताची पचमढी, मद्रासची उटी, तसे साऱ्या साम्राज्याचे शिमला. वर्षातला मोठा काळ सरकारी दप्तरे इथेच मुक्कामाला असत.

मराठी प्रवाशाला हे शहर ‘शिमला-कुलू-मनाली’ या जोडनावाने ठाऊक असते. लग्नानंतरची पहिली सहल किंवा निवृत्तीनंतरची पहिली सहल, दोन्हींच्या यादीत ते वरच्या ओळीत असते. जोडप्याने शिमल्यात काय बघावे याबद्दल मात्र दोन मते आहेत. एक मत पॉइंटांचे: जाखू, कुफरी, व्हाइसरॉयचा बंगला, नालदेहरा, चैल, गाडी ठरवावी आणि एकेक ठिकाण उरकावे. दुसरे मत पायी हिंडण्याचे: उतारावरचे शहर हेच बघायचे, पॉइंट जमले तर जमले. ही मते समोरासमोर यावीत म्हणून इथे नागपूरचे एक जोडपे कल्पिले आहे. तो महालेखापाल कार्यालयातून निवृत्त झालेला. ती शाळेत भूगोल शिकवते. महिना मे.

तो: चार दिवस आहेत. रोज तीन ठिकाणे धरली तर बारा होतात. नागपुराहून एवढे पैसे घालून जायचे आणि रस्त्यावर नुसते हिंडायचे, तर सिव्हिल लाइन्स काय वाईट?

ती: सिव्हिल लाइन्सला चढ आहे का हो? तुम्ही बारा ठिकाणे बघाल आणि गाव बघायचे राहून जाईल.

तो: गावच बघायचे तर माझे गुडघे तू घे.

गुडघ्यांचा मुद्दा गंभीर आहे आणि पुढे तो पुन्हा येतो. सुरुवातीच्या प्रवासाबद्दल मात्र दोन्ही मतांचे जमते, कारणे तेवढी वेगळी. कालका ते शिमला ही छोटी रेल्वे १९०३ मध्ये सुरू झाली. रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, मार्ग सुमारे ९६ किलोमीटर. कालका साडेसहाशे मीटरवर आणि शिमला स्थानक दोन हजारांच्या वर, म्हणजे गाडी चौदाशे मीटर चढते. वाटेत शंभरावर बोगदे आणि आठशेच्या वर पूल आहेत. मोठे पूल लोखंडी गर्डरांऐवजी दगडी कमानींचे आहेत. कनोहजवळच्या पुलाला कमानींचे चार मजले आहेत. २००८ मध्ये या मार्गाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मोटारीने तीन-साडेतीन तासांत होणाऱ्या प्रवासाला ही गाडी पाच तास घेते.

तो: वारसा आहे म्हटल्यावर बसायलाच पाहिजे. मोठ्या काचांचा डबा मिळाला तर बघतो.

ती: मला साधा डबा चालेल. सोलनला शाळेची पोरे चढतात, बाया भाजी घेऊन चढतात. आणि झाडे बदलताना दिसतात. खाली बांबू, काटेरी झुडपे, मग चीड, वर पोचेपर्यंत देवदार. वर्गात तीन तास शिकवायचे ते खिडकीतून पाच तासांत दिसते.

बडोग स्थानकाला लागून मार्गातला सर्वांत लांब बोगदा आहे, ११४३ मीटरचा. त्याची गोष्ट सगळे गाईड सांगतात: बडोग नावाच्या इंग्रज अभियंत्याने दोन्ही तोंडांनी खोदायला घेतलेला बोगदा मधे जुळला नाही, सरकारने त्याला एक रुपया दंड केला, अपमानाने त्याने जीव दिला, मग भलकू नावाच्या स्थानिक माणसाने काठीने डोंगर ठोकून नवी रेषा दाखवली. यातली बरीचशी आख्यायिका आहे. भलकूचे नाव मात्र शिमल्याने जपले आहे. स्थानकाजवळच्या रेल्वे संग्रहालयाला त्याचेच नाव आहे.

तो: एक रुपया! वसूल झाल्याची नोंद कुठे आहे का?

शहराची रचना समजायला नकाशापेक्षा जिना बरा. सर्वांत खाली कार्ट रोड: बस, टॅक्स्या, ट्रक, पार्किंग, हॉर्न. त्याच्या वर लोअर बाजार: धान्य, भांडी, कापड, औषधे, रोजच्या वापराचे सगळे. त्यावर मिडल बाजार, अरुंद आणि अर्धा जिन्यांचाच. मग माल रोड, म्हणजे काचेची दुकाने, कॉफी हाउस, गेयटी नाट्यगृह. आणि सर्वांत वर रिज. हे थर एकमेकांच्या डोक्यावर आहेत. नकाशावर कार्ट रोड आणि माल यांच्यात बोटभर अंतर दिसते. प्रत्यक्षात मधे कित्येक मजल्यांचा चढ असतो. एखाद्या इमारतीत खालच्या रस्त्याने शिरावे आणि चौथ्या मजल्यावरून वरच्या रस्त्याला लागावे, हे शिमल्यात नेहमीचे. स्थानिक माणूस पत्ता सांगताना ‘डावीकडे’पेक्षा ‘वर’ आणि ‘खाली’ जास्त म्हणतो.

ही उतरंड जमिनीने आखली आणि सत्तेने पक्की केली. इंग्रजांच्या काळात शिमल्यात घोडागाडी वापरायची मुभा तिघांनाच होती: व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर. बाकीचे साहेब माणसांनी ओढलेल्या रिक्षांतून जात. वर माल, खाली बाजार. वर नोकरशाही, खाली तिला लागणारे व्यापारी, कारकून, हमाल. गांधीजी १९२१ मध्ये पहिल्यांदा शिमल्याला आले, तेव्हा त्यांनी या उंचावरच्या सरकारवर लिहिताना पाचशेव्या मजल्याचा दाखला दिला. पाचशेव्या मजल्यावर दुकान मांडून बसलेल्याला खालच्या गिऱ्हाइकाची काय खबर, असा त्याचा रोख होता.

गाड्या आजही मालवर येत नाहीत. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि परवानाधारक थोड्या गाड्या सोडल्या तर माल आणि रिज पायी चालणाऱ्यांचे आहेत. भारतातल्या फार थोड्या शहरांच्या मध्यवस्तीत असे चालता येते. पण मालवरच्या दुकानात माल पोचतो कसा, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर जिन्यावर भेटते. कार्ट रोडवर ट्रक रिकामा होतो आणि तिथून पुढे सगळे माणसाच्या पाठीवर चढते. हे हमाल बहुतेक काश्मिरी मुसलमान. शिमल्यात त्यांना ‘खान’ म्हणतात. पाठीवर दोराने बांधलेला फ्रिज, कंबरेतून वाकलेला देह, नजर पुढच्या पायरीवर. समोरून येणाऱ्याने भिंतीला अंग लावून वाट द्यायची, कारण त्याला थांबणे परवडत नाही. थांबला तर ओझे पुन्हा पेलावे लागते. त्याच गल्लीत पर्यटक दम खायला टेकलेला असतो. हॉटेलची बॅग ‘वर पाठवतो’ असे स्वागतकक्षातला मुलगा सहज म्हणतो, त्या ‘पाठवतो’चा कर्ता हा असतो.

ती: हे तुमच्या यादीत कुठे आहे?

तो: यादीत नसेल. पण मी त्याच्याकडे टक लावून बघत उभा राहिलो तर त्याचे ओझे हलके होते का? त्याला मजुरी मिळते ती माझ्यासारखे लोक हॉटेलात उतरतात म्हणून. तू पायी फिरतेस ते हौसेने. तो पायी फिरतो ते पोटासाठी. दोन्ही एका पंगतीला बसवू नकोस.

ती: बसवत नाही. रस्ता कुणासाठी बंद आहे आणि कुणाच्या जोरावर बंद आहे, एवढे कळले तरी पुरे.

तो: कळले. आता लिफ्टने जाऊ.

लिफ्ट खरोखर आहे. पर्यटन महामंडळाची ही लिफ्ट कार्ट रोडवरून दोन टप्प्यांत मालवर नेते. पहिल्या टप्प्यातून उतरून आडवा बोळ चालायचा आणि दुसरी पकडायची. तिकीट माफक, मे महिन्यात रांग लांब. निर्बंध असलेल्या रस्त्यांवर राज्य परिवहनाच्या छोट्या टॅक्स्याही धावतात आणि वृद्धांना त्यांचा मोठा आधार आहे. शहर पायी बघावे म्हणणाऱ्यांचा सूर कधीकधी असा लागतो की चालणे म्हणजे सद्गुण आणि गाडी म्हणजे आळस. ज्याचा गुडघा दुखतो त्याला हा सूर अन्यायाचा वाटतो, आणि तो आहेच. शिमल्यातले म्हातारे रहिवासीसुद्धा बारक्या कामासाठी जिने चढत नाहीत. ते खालच्या दुकानदाराला फोन करतात.

आता पॉइंट. जाखू ही शहरातली सर्वांत उंच टेकडी, २,४५५ मीटर. माथ्यावर हनुमानाचे देऊळ आणि २०१० मध्ये उभारलेली १०८ फुटी मूर्ती. रिजवरून देवदारांच्या वर तिचे डोके दिसते. २०१७ पासून रोपवे आहे. चढाची पाऊलवाट ख्राइस्ट चर्चजवळून निघते आणि छातीची परीक्षा घेते. वाटेत माकडे. शिमल्याची माकडे खाण्यापेक्षा चष्म्यावर झडप घालतात, आणि त्यामागे पक्का हिशेब आहे. माकड चष्मा घेऊन छपरावर बसते, काडी चावत खाली बघते. मग कुणीतरी प्रसादाची पुडी किंवा फुटाण्याचे पाकीट फेकते, माकड चष्मा टाकून ते उचलते. म्हणून पायथ्याशी काठी भाड्याने मिळते आणि चष्मा खिशात ठेवायचा सल्ला फुकट. चष्म्याशिवाय दरीचे दृश्य बघायचे, ही त्यातली गंमत.

कुफरी सोळा किलोमीटरवर आहे, उंची सत्तावीसशे मीटरच्या आसपास. हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात घोडे. गाड्या थांबतात तिथून माथ्यापर्यंत घोड्यांच्या रांगा चालतात. वाट शेणाने आणि चिखलाने निसरडी झालेली असते आणि झाडांची मुळे उघडी पडलेली. वर दुर्बिणी, याकवर बसून फोटो, भाड्याचे हिमाचली पोशाख, मॅगी. हवा स्वच्छ असेल तर हिमशिखरांची रांग दिसते. मे महिन्यात बहुधा धुरकट असते.

ती: कुफरीला अर्धा दिवस जातो आणि त्यातला निम्मा वाहतुकीच्या कोंडीत.

तो: आणि ज्याने आयुष्यात घोड्यावर मांड टाकली नाही त्याने? आपल्या भाच्याने तिथला फोटो अजून भिंतीवर लावला आहे. तुला ते थिल्लर वाटते. त्याच्या बायकोला विचार.

ती: थिल्लर नाही म्हणत. त्या टेकडीला घोडे जास्त झाले आहेत एवढेच म्हणते.

तो: मग संख्या कमी करा. मी बसायचेच नाही, हे कुठले उत्तर?

हे त्याचे म्हणणे वजनदार आहे. घोडेवाले आसपासच्या खेड्यांतले आहेत. शेती जेमतेम, हंगाम चार महिन्यांचा. पॉइंटांना नाक मुरडणारा प्रवासी या अर्थकारणाकडे सहसा बघत नाही. मात्र वेळच कमी असेल तर या दोन ठिकाणांत जाखू ठेवावा आणि कुफरी सोडावी. कुफरीसारखे माथे हिमाचलात अनेक आहेत, शहराच्या ऐन डोक्यावर चढलेला जाखू एकच.

दोन्ही मते जिथे एकत्र येतात ते ठिकाण ऑब्झर्व्हेटरी हिलवर आहे. व्हाइसरॉयचा बंगला हेन्री अर्विन या वास्तुविशारदाने आखला आणि १८८८ मध्ये लॉर्ड डफरिन तिथे राहायला गेले. करड्या दगडाचे बाहेरून किल्ल्यासारखे दिसणारे घर, आत ब्रह्मदेशी सागवानाचे जिने आणि तावदाने. विजेचे दिवे पहिल्यापासून होते. आग लागल्यास उष्णतेने मेण वितळावे आणि पाणी सुटावे अशी नळांची योजना भिंतींत केलेली आहे. १९४५ मध्ये लॉर्ड वेव्हेल यांनी बोलावलेली शिमला परिषद इथेच भरली आणि फिसकटली. स्वातंत्र्यानंतर हे राष्ट्रपतींचे निवास झाले. राधाकृष्णन यांनी ते विद्वानांना देऊन टाकले आणि १९६५ पासून इथे भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे. पर्यटकाला तळमजल्याच्या मोजक्या खोल्या गाईडबरोबर बघता येतात, सोमवारी त्याही बंद. वरच्या मजल्यांवर अभ्यासक पुस्तके लिहीत असतात, निदान तशी अपेक्षा असते.

जवळच्याच पीटरहॉफमध्ये त्याआधीचे व्हाइसरॉय राहत. स्वातंत्र्यानंतर तिथे पूर्व पंजाबचे उच्च न्यायालय भरे आणि गांधीहत्या खटल्याचे अपील १९४९ मध्ये तिथेच चालले. ती जुनी इमारत १९८१ मध्ये जळाली. आज त्या नावाचे सरकारी हॉटेल आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्या बसगाड्या तिथे सहसा थांबत नाहीत.

गाईडांच्या गोष्टींबद्दल एक सावधगिरी. माल आणि रिज मिळतात त्या चौकाला स्कँडल पॉइंट म्हणतात. तिथे लाला लजपत राय यांचा पुतळा आहे. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी एका इंग्रज अधिकाऱ्याची मुलगी इथून पळवली, ही त्या नावामागची कथा. साल विचारले तर बहुतेक १८९२ सांगतात.

तो: महाराजांचा जन्म १८९१ चा. मी आत्ता फोनवर पाहिले. पाळण्यातूनच पळवली म्हणायची!

ती: बघा, पायी चालताना तुमचासुद्धा फायदा होतो.

तो: हा फायदा गाडीत बसूनही झाला असता.

पाण्याचा प्रश्न निघाला की मात्र हलकेफुलके वाद मागे पडतात. शहर धारेवर असल्याने त्याला नदी नाही. पाणी दऱ्यांतून वर खेचावे लागते. गुम्मा योजनेचे पाणी हजार मीटरहून अधिक उंची चढून शहरात येते आणि त्यासाठी लागणारी वीज हा पालिकेच्या हिशेबातला जड आकडा असतो. रिजच्या खाली एकोणिसाव्या शतकातली टाकी आहे, सुमारे ४५ लाख लिटरची, सिमेंटचा काळ येण्याआधी चुन्यात बांधलेली. रिजवर फुगे विकले जातात, मुले तट्टावर बसतात, सभा भरतात, ते तिच्या छपरावर.

२०१८ च्या मे महिन्यात हा ताळमेळ कोसळला. हिवाळ्यात बर्फ आणि पाऊस कमी झाला होता, झरे आटले. शहराची रोजची गरज सुमारे साडेचार कोटी लिटर, पुरवठा तिच्या निम्म्यावर आला. काही वस्त्यांत आठवडाभर नळाला पाणी नव्हते. बायका रात्री टँकरच्या रांगेत उभ्या राहिल्या, उच्च न्यायालयाने बांधकामे आणि गाड्या धुणे काही दिवस थांबवले, उन्हाळी महोत्सव पुढे ढकलला गेला. ऐन हंगामात शहरातले लोकच समाजमाध्यमांवर पर्यटकांना ‘येऊ नका’ म्हणू लागले. ‘येऊ नका’ म्हणणाऱ्यांत ज्यांचे पोट पर्यटकांवर आहे असेही होते.

ती: म्हणून म्हणते, मे महिन्यात येणेच चूक. त्यांचे पाणी आपण पितो.

तो: मे मध्ये नागपूर पंचेचाळीसवर जाते. शाळेला सुटी मे मध्ये. तूच शिक्षिका आहेस, मी नाही. जानेवारीत ये म्हणतेस, रजा कोण देणार होते? सगळ्या देशाची सुटी एका महिन्यात कोंबायची आणि मग पर्यटकाला दोष द्यायचा.

ती: ऑक्टोबरला दिवाळीची सुटी असते.

तो: दिवाळीला घर सोडून शिमला? आईने ऐकले असते का?

ती: माझ्या की तुमच्या?

गळती हाही या प्रश्नाचा मोठा भाग होता. जुन्या नळांतून पाणी वाटेतच झिरपत होते. त्यानंतर पाणीपुरवठ्यासाठी वेगळी कंपनी केली गेली आणि सतलजचे पाणी वर आणायची योजना हाती घेतली गेली. पर्यटकाच्या हातात थोडेच आहे: टब असलेली खोली मागू नये, रोज चादरी बदलून घेऊ नयेत, आणि जमल्यास ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये यावे. त्या दिवसांत आकाश धुतल्यासारखे असते, हिमशिखरे दिसतात आणि खोलीचे भाडे बरेच उतरते.

उतारावर किती घरे मावतात, हा त्याच्या पुढचा प्रश्न. जुनी शिमली घरे लाकडी चौकटींत दगड-माती भरून केलेली, हलकी, तिरक्या पत्र्याच्या छपरांची. या प्रकाराला ‘धज्जी’ म्हणतात; भूकंपात चौकट लवते आणि भिंत तग धरते. नवी घरे काँक्रीटच्या खांबांवर, पाच-सहा मजल्यांची, एकमेकांना चिकटलेली. पलीकडच्या टेकडीवरून संजौलीकडे पाहिले तर मधे झाड शोधावे लागते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये गाभ्याच्या आणि हरित पट्ट्यातल्या नव्या बांधकामांना मनाई केली आणि इतरत्र अडीच मजल्यांची मर्यादा घातली. राज्याने विकास आराखडा केला, तो लवादाने अडवला. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आराखडा उचलून धरला. या दोन निकालांच्या मधल्या पावसाळ्यात, १४ ऑगस्ट २०२३ रोजी, समर हिलजवळचे शिवमंदिर दरडीखाली गेले. तिकडच्या श्रावणातला सोमवार होता, सकाळी लोक पूजेला जमले होते. वीस जण दगावले. छोट्या रेल्वेखालची मातीही त्याच लोंढ्यात वाहून गेली आणि रूळ स्लीपरांसकट हवेत लोंबकळत राहिले.

तो: इथे मला तुझे पटते. आपले हॉटेल सहा मजली आहे. मी मोजले.

ती: कार्ट रोडकडून सहा. मालकडून दोन.

तो: परवानगी कुठल्या बाजूने मोजून दिली असेल?

हा प्रश्न लेखापरीक्षकालाच सुचावा. उतारावरच्या इमारतीचे मजले कुठून मोजायचे यावर शिमल्यात खरोखर वाद होतात. इथे जोडप्यासाठी व्यवहाराची गोष्ट एवढीच, की पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, ही सहल ठरवू नये. कालक्याहून येणारा महामार्ग परवाणू ते सोलन या पट्ट्यात दरडींनी वारंवार बंद पडतो.

जेवणाखाण्याचे थोडक्यात. महाराष्ट्रातून जाणाऱ्या मोठ्या सहलींबरोबर आचारी असतो आणि शिमल्यातही वरण-भात, कांदेपोहे, एखाद्या दिवशी पुरणपोळी मिळते. स्वतंत्र जाणाऱ्याने सिड्डू खावा: गव्हाच्या आंबवलेल्या पिठाची वाफवलेली पोळीसारखी जाड पारी, आत अक्रोड किंवा खसखस, वरून तूप. लोअर बाजारात तो स्वस्त आणि गरम मिळतो. लक्कड बाजारातली लाकडी खेळणी आणि काठ्या नेण्याजोग्या. हिमाचली टोपी घेताना आतली शिवण बघावी. सफरचंदे मे महिन्यात मागू नयेत, तेव्हाची शीतगृहातली असतात. नवा माल जुलैअखेर सुरू होतो. कोटगढला १९१६ च्या सुमारास सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकनाने लाल सफरचंदाची रोपे लावली आणि या डोंगरांचे अर्थकारण पालटले. ते बघायचे तर नारकंड्याच्या पुढे जावे लागते, एक पूर्ण दिवस.

चार दिवसांची वाटणी अशी करता येते. पहिली दुपार रिज आणि माल, तीही हळू, कारण खालून आलेल्याला या उंचीवर दम लागतो. दुसरा दिवस ऑब्झर्व्हेटरी हिल. तिथून समर हिलच्या स्थानकापर्यंत देवदारांतून चालत जावे आणि वेळ जुळली तर छोट्या गाडीनेच परत यावे. तिसऱ्या सकाळी जाखू रोपवेने वर, पायी खाली. दुपारी लोअर बाजार आणि मिडल बाजारचे जिने, वरून खाली, म्हणजे गुडघे तक्रार करतील पण फुप्फुसे करणार नाहीत. चौथा दिवस एका लांबच्या ठिकाणासाठी, आणि तो गाडीनेच.

तो: चौथा दिवस माझा. आधी गॉर्टन कॅसल.

ती: ते पॉइंटांच्या यादीत नाही.

तो: नसू दे. तिथे महालेखापालांचे कार्यालय आहे. मी नोकरीत असताना तिथल्या सहीची पत्रे यायची. स्विंटन जेकबने आखलेली इमारत आहे, १९०४ ची. २०१४ मध्ये आग लागून वरचे मजले जळाले होते. बाहेरून तरी बघू.

ती: आणि मनाली?

मनाली शिमल्यापासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. बिलासपूर आणि मंडीवरून जाणारा रस्ता, सबंध दिवसाचा. सहल कंपन्यांच्या पत्रकात ही दोन नावे एका रेघेने जोडलेली असतात, ती रेघ आठ-नऊ तासांची. मनालीत दोन रात्री मिळणार नसतील तर जोडणीला अर्थ नाही, आणि दोन रात्री द्यायच्या तर शिमल्याचा चौथा दिवस जातो.

तो: मनाली जाऊ दे. गॉर्टन कॅसल बघून तू म्हणशील तिथे चालतो. चढ सोडून.

ती: मग नारकंडा. सफरचंदाची झाडे बघू, फळे नसली तरी. गाडी तुम्हीच ठरवा, घासाघीस मला जमत नाही.